स्पिटफायर, एकशेनऊ आणि खासबाग

आज दिवसभर पाऊस. रंकाळ्यावर जायचं राहिलं, म्हणून मी आणि धाकटा भाऊ दुपारभर सिम्युलेटरवर बसलो. १९४० सालची विमानं. माझ्याकडं ब्रिटिश स्पिटफायर, त्याच्याकडं जर्मन मेसरश्मिट १०९.

वळणात तो मला सापडायचाच. पण मागं लागलो की सरळ नाक खाली दाबून सुटायचा, आणि मी तेच केलं की माझं इंजिन आचके देऊन बंद!

"दादा, हे बरोबरीचं नाही, तुझ्या विमानाची ताकद वाढवूया की," तो म्हणाला. मी नको म्हटलं. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता, नाक झटकन खाली दाबलं की त्यातला इंधनपुरवठा बिघडायचा; जर्मन इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं. ती उणीव खरीच होती. १९४१ मध्ये बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी इंधनाच्या वाटेत छोटी पितळी चकती बसवून ती बरीच आटोक्यात आणली. किती साधा उपाय! तोवर वैमानिक आधी विमान उलटं करायचे, मगच खाली झेपावायचे. संध्याकाळी मी तसंच केलं आणि भावाला गाठलं.

खासबागेत बुटका मल्ल उंच्याच्या पटात घुसतो, तेव्हा कुणी त्याची उंची वाढवून मागत नाही.

उद्या अदलाबदल. एकशेनऊ माझ्याकडं.