बावडीला झरा कुठून येतो ते काकूला माहीत होतं

जुलै लागला आणि दोन दिवस पाऊस थांबला नाही की आमच्याकडे अजून कुणाला नीट झोप लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणात शिरली, बाजारपेठेत पार पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही, हायवेवरच्या जुन्या पुलाचा तुकडा वाहून गेला. हे सगळं टीव्हीवर आलं. पण मला लिहायचंय ते पूर ओसरल्यानंतरच्या दहा-बारा दिवसांबद्दल.

पाणी उतरलं तेव्हा घराघरात गुडघाभर चिखल. खालची सार्वजनिक विहीर गाळाने भरलेली, संडासाच्या टाक्या पुराच्या पाण्याने तुडुंब होऊन उलट्या आलेल्या, म्हणजे ते सगळं पुन्हा अंगणात. आमच्या वाडीतली बरीच घरं वरच्या शाळेत राहायला गेली. मदत भरपूर आली आणि मनापासून आली, टेम्पो भरभरून बाटल्या, चटया, बिस्किटं, ते लोक रात्री-अपरात्री घाट उतरून आले त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण बाटलीचं पाणी पिण्यापुरतं. चिखलाने भरलेली भांडी कशाने धुणार, लहान पोरांचं कशाने करणार? टँकर आला तो खाली डांबरी रस्त्यावर उभा, आणि म्हाताऱ्या माणसांनी कळशी घेऊन ती निसरडी घाटी चढायची. टाकी कुठे ठेवू एवढं कुणाला तरी विचारलं असतं तर वाडीतल्या पोरांनी पाईप टाकून पाणी वर नेलं असतं, नंतर तेच केलं.

संडासांचं तर आणखी वेगळं. एका संस्थेची टीम आली, चांगली मेहनती मुलं, संध्याकाळपर्यंत त्यांनी शाळेमागच्या सपाट जागेवर खड्डे मारून पत्र्याचे दोन संडास उभे केले. आमच्या वाडीतली काकू तेव्हाच म्हणत होती की इथे नको, पण घाईगर्दीत कुणाच्या कानावर गेलं नाही. तीन दिवस झाले तरी बायका तिकडे फिरकेनात. मग त्या टीममधली एक मुलगी रात्री बायकांच्या खोलीत येऊन चटईवर बसली, हातात कागद नाही काही नाही, आणि विचारलं की काय अडचण आहे ते सांगा ना. तेव्हा एकेक बाहेर पडलं. दाराला आतून कडी नाही, दार उघडतं ते रस्त्याच्या बाजूला, वाटेवर काळोख, पाळीचे पॅड टाकायचे कुठे. दोन-तीन जणींनी सांगितलं की आम्ही दिवसभर पाणीच पीत नाही, म्हणजे जायला लागत नाही. हे ऐकून माझ्या पोटात कालवलं, मी त्याच शाळेत होते आणि मलाही माहीत नव्हतं.

आणि मग काकू पुन्हा बोलली. "बाळा, हा जांभा दगड आहे. शाळेमागे पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी वरच्या बावडीचा झरा वाढतो. चाळीस वर्षं पाणी भरतेय मी तिथे." म्हणजे खड्ड्यातलं पाणीही झिरपून तिकडेच जाणार. त्या मुलीने सांगितलं की विहिरीपासून तीस मीटर अंतर सोडलंय, नियमात बसतं. ते खरंच होतं. जगभर अशा वेळी स्फिअर नावाची आपत्तीतल्या मदतकामाची मानकं वापरतात, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, आणि पाण्यापासून ३० मीटर. पण जांभ्यासारखा भेगाळ, सच्छिद्र दगड असेल तर अंतर वाढवावं लागतं, आणि जागा ठरवण्याआधी वापरणाऱ्यांना, खासकरून बायकांना विचारा, हेही त्याच मानकांमध्ये आहे. जांभ्यात पाणी कुठल्या बाजूला धावतं ते आकड्यावरून कसं कळणार, ते काकूलाच माहीत. मुलीने लगेच वरिष्ठांना फोन लावला, दुसऱ्या दिवशी जुने खड्डे चुना घालून बुजवले आणि संडास बावडीच्या खालच्या अंगाला, मांगराच्या, म्हणजे गोठ्यासारख्या शेतघराच्या आडोशाला नेले. आतून कडी, सोलरचा दिवा, झाकणाची बादली. त्याच रात्रीपासून बायका जायला लागल्या.

विहिरीचं काम वाडीनेच केलं. डिझेल पंप लावून उपसा, पोरं आत उतरून गाळ काढतायत, पायात गमबूट कारण लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती, आशाताई गोळ्या घेऊन फिरतायत. मग टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. आधी आम्ही पावडर सरळ विहिरीत ओतायचो, ते चुकीचं. जलसुरक्षकाने, म्हणजे गावाच्या पाण्याची शुद्धता बघणाऱ्या माणसाने दाखवलं, पावडर बादलीत कालवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडायची आणि पाण्याखाली वरखाली हलवायची. नेहमीचा हिशोब हजार लिटरला अडीच ग्रॅम, गढूळ पाण्याला जास्त, आणि पावसात गोणी उघडी राहून दमटली की पावडरीचा जोर जातो, म्हणून ओटी टेस्ट केल्याशिवाय प्यायचं नाही, पाण्यात क्लोरीन असेल तर त्यात पाणी पिवळं होतं. तासाभराने नळीत पाणी घेऊन त्या टेस्टच्या औषधाचे दोन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन गोष्टी मात्र खटकल्या त्या बोलतेच. लोकसहभाग म्हणून लोकांना फुकट राबवू नका, ज्याचं घर चिखलात आहे त्याने स्वतःचं घर सोडून विहीर उपसली तर त्याला दिवसाची मजुरी मिळालीच पाहिजे. आणि गावाला विचारलं म्हणजे बैठकीत मोठ्याने बोलणाऱ्या चार पुरुषांना विचारलं असं होत नाही. ओढ्यापलीकडच्या शेवटच्या वाडीला आमच्या बैठकीचा निरोपच गेला नव्हता, त्यांची विहीर आमच्यानंतर आठ दिवसांनी साफ झाली. ती चूक बाहेरच्यांची नाही, आमची.

आता बावडीच्या कठड्यावर ऑइलपेंटने हाताच्या खुणा केल्यात, पाणी कुठल्या खुणेला आहे त्याप्रमाणे किती ग्रॅम पावडर ते बाजूला लिहिलंय. पलीकडच्या विहिरीवरही तसंच लिहून घेतलंय, तिथल्या दोन मुली टेस्ट करतात. काकूला वाचता येत नाही, ती खुणा बोटाने मोजते.