आफ्रिकेला जायचंय? आधी किनारा निवडा

पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘आफ्रिकन स्टडीज करायचंय’ म्हणणाऱ्या मुलांना एकच विचारावंसं वाटतं, कुठली आफ्रिका? आफ्रिकी संघात ५५ देश आहेत. अर्जात नुसतं ‘आफ्रिका’ लिहिणारा उमेदवार निवड समितीला फारसा भावत नाही. एक किनारा, एक भाषा आणि एक विषय ठरवा, मग पुढचं बोलू.

गोव्यातल्या मुलांसाठी माझं मत पूर्व किनाऱ्याला, त्यातही मोझांबिकला. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा. त्यामुळे त्या काळचे ढीगभर कागद पणजीच्या पुराभिलेखात आहेत. ‘मोन्सोंयश दु रेनु’ ही तिथली मोठी मालिका म्हणजे मोसमी वाऱ्यांवर निघणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार. सूचीत ‘आफ्रिका’ शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. मोसांबिक, सोफाला, केलिमाने, मोंबासा, ‘रियोस द सेना’ अशी नावं शोधा. झांबेझी नदीच्या मुलखाला तेव्हा हेच शेवटचं नाव होतं. जाताना मार्गदर्शकांचं पत्र आणि ओळखपत्र न्या. छापील पोर्तुगीज येतं म्हणून हस्तलिखित वाचता येईल असं समजू नका. संक्षेप भरपूर असतात आणि शाईने कागद खाल्लेला असतो. मोडी शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

भाषेबद्दल थोडं परखड लिहितो. एका सेमिस्टरच्या प्रमाणपत्राने काही होत नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज रीतसर शिकता येते. दिप्ले, म्हणजे बी-२ पातळीची परीक्षा, हे लक्ष्य ठेवा. मोबाइलवरची बहुतेक ॲप्स ब्राझिलची बोली शिकवतात. मोझांबिकच्या राजधानीतली, मापुतोतली, औपचारिक भाषा लिस्बनच्या वळणाची. अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द, साओ तोमे हे पाचही देश या एका भाषेने उघडतात.

केनिया-टांझानियाकडे ओढा असेल तर स्वाहिली. ‘पेसा’, ‘चाय’, ‘चपाती’ ऐकून सोपी वाटते, पण अनेकवचन शब्दाच्या सुरुवातीला होतं: एक ‘किताबू’ आणि अनेक ‘विताबू’. घड्याळ तर हमखास चकवतं. तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून ‘सा तातू’चा शब्दशः अर्थ तीन वाजता, पण भेट असते सकाळी नऊला. मुलाखतीची वेळ इंग्रजीत पुन्हा विचारून घ्या.

आता कॉमर्सवाल्यांसाठी, कारण आफ्रिका म्हणजे फक्त इतिहास नि राज्यशास्त्र ही समजूत चुकीची आहे. आपल्या कारखान्यांत फुटणारी काजूबी सगळी गोव्याची नसते, बरीच आफ्रिकेतून येते. टांझानियाचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून, पश्चिम आफ्रिकेचा फेब्रुवारीपासून. या धंद्यात भाव ठरतो ‘आउटटर्न’वर, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो त्यावर. एक किलो बी कापायची, चांगला गर वेगळा करायचा, डागी आणि सुरकुतलेला गर वजनात निम्मा धरायचा, कुजलेला टाकायचा. ग्रॅममधलं वजन ०.१७६ ने गुणलं की पौंड मिळतात. २७२ ग्रॅम निघाला तर आउटटर्न ४८. फसगत होते ती ओलाव्यात. बीत १० टक्क्यांहून जास्त पाणी राहिलं तर समुद्रप्रवासात कंटेनरमध्ये बुरशी धरते आणि लोडिंगच्या वेळचा आकडा इथे उतरताना खरा ठरत नाही. ही चाचणी करता येणारी आणि पोर्तुगीज करार वाचणारी मुलगी निर्यातदाराला हवीच असते. नुसती ‘इंटरनॅशनल बिझनेस’ची पदवी पुष्कळांकडे असते.

अभ्यासच करायचा तर मडगावहून एका रात्रीच्या गाडीवर मुंबई. कालिन्याला मुंबई विद्यापीठाचं आफ्रिका अध्ययन केंद्र १९७१ पासून आहे. दिल्ली विद्यापीठातला विभाग १९५५ चा. जेएनयूतही केंद्र आहे. मापुतोच्या एदुआर्दो मोंदलाने विद्यापीठातलं आफ्रिका अध्ययन केंद्र उभं करणारे आकीनो द ब्रागांसा मूळचे गोव्यातल्या बार्देसचे. तिथे प्राध्यापकाला ईमेल लिहिताना हा धागा जरूर धरा, पण एका वाक्यात. चार ओळी गोव्याचा गौरव लिहिला की पुढचा प्रस्ताव वाचला जात नाही. नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण आणि वसाहत कार्यक्रमांची मुख्यालयं आहेत. इंटर्नशिप मिळते, पण संयुक्त राष्ट्रं मानधन देत नाहीत. राहण्या-जेवण्याचा हिशेब आधीच करा.

कागदपत्रं मात्र सर्वांत जास्त रडवतात. दक्षिण आफ्रिका, नामिबिया यांना अपोस्टिल, म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणारं एकच प्रमाणन, चालतं. टांझानिया त्या करारात नाही, म्हणून राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्यांचा दूतावास अशी तिहेरी फेरी. आपल्याकडे आणखी एक खोच आहे. नाईक हे आडनाव पासपोर्टवर ‘के’ने संपतं आणि वडिलांच्या जुन्या दाखल्यावर ‘क्यू-यू-ई’ने. असा फरक दूतावासाच्या खिडकीवर सापडला तर महिना गेलाच. गुणपत्रिका, जन्मदाखला आणि पासपोर्ट एका टेबलावर ठेवून अक्षर नि अक्षर जुळवा. फरक असेल तर नावदुरुस्ती आधी उरकून घ्या.

केनिया, अंगोला, इथिओपियासाठी पीतज्वराची लस लागते. मुरगावला बंदराच्या आरोग्य कार्यालयात ती मिळते. एका कुपीत अनेक डोस असतात आणि फोडल्यावर ती काही तासांतच संपवावी लागते, म्हणून ठरावीक दिवशी, आगाऊ नोंदणी करूनच बोलावतात. पासपोर्ट सोबत न्या, त्याचा क्रमांक लसीकरणाच्या पिवळ्या कार्डावर चढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगा. कार्ड दहा दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. ते नसेल तर परतताना विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात, तेव्हा तिकिटाची तारीख लशीनंतर काढा.