मावशींचं वय ६१ होतं

काल कोपरीला मावशींकडे गेले होते. गुडघा सुजलेला, उशाशी कळव्याच्या महापालिका रुग्णालयाचा केसपेपर. शेजारीण माझ्यादेखत म्हणाली, "एवढी वर्षं परदेशी साहेबांकडे होतात, पेन्शन नाही का हो?" मावशी काही बोलल्या नाहीत. मला मात्र रात्रभर ते डाचत राहिलं.

दक्षिण मुंबईतल्या एका कॉन्सुलेटमध्ये, म्हणजे परदेशाच्या वाणिज्य दूतावासात, मी २६ वर्षं व्हिसा विभागात होते. मावशी तिथल्याच साहेबांच्या घरी स्वयंपाकाला. तीनेक वर्षांनी साहेब बदलायचे, मावशी त्याच. ठाण्याहून आम्ही एकाच लोकलने जायचो. माझा पीएफ दरमहा कापला जायचा. त्यांच्या हातात पाकीट पडायचं, बस.

साहेबांना तरी आपल्या सरकारचं काही मिळतं का, असं नौपाड्यात मला कितीदा विचारलं गेलंय. नाही मिळत. १९६३ च्या व्हिएन्ना या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ४८ नुसार वाणिज्य दूत, म्हणजे आमचे साहेब, यजमान देशाच्या सामाजिक सुरक्षेच्या (पीएफ, पेन्शन वगैरे) कायद्यांतून मुक्त असतात. दिल्लीतल्या राजदूतांना हीच सूट १९६१ च्या कराराचं कलम ३३ देतं. वर्गणी भरायची नाही, म्हणून तिच्यावर मिळणारा लाभही नाही. त्यांचं आजारपण, म्हातारपण त्यांचा देश बघतो.

पण मावशी त्या सुटीत बसत नाहीत. घरच्या नोकराला सूट हवी तर तो इथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसावा लागतो, शिवाय दुसऱ्या एखाद्या देशाच्या योजनेचं संरक्षण त्याला असावं लागतं. मावशी साताऱ्याच्या! अशा माणसाला ठेवणाऱ्या साहेबाने, इथल्या मालकांवर कायद्याने जी बंधनं आहेत ती पाळलीच पाहिजेत, असं कलम ४८ स्पष्ट म्हणतं. हे वाचलं तेव्हा वाटलं, सापडलं! मग पीएफचा १९५२ चा कायदा उघडला. तो किमान २० माणसांच्या आस्थापनांचा. घरात एकटीने पोळ्या लाटणारी बाई त्यात येतच नाही. म्हणजे साहेबांनी पाळायचं ते बंधन आपणच घातलेलं नव्हतं. साहेबांवर मी उगाच चिडले होते. राग आपल्या कायद्याचा यायला हवा.

राज्याने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी १८ ते ६० वयातच होते. मला हे कळून मी फॉर्म आणला, तेव्हा मावशी ६१ च्या होत्या. रोज शेजारी बसून प्रवास केला आणि कधी चौकशी केली नाही, हे मला अजून सलतं. तुमच्याकडे येणाऱ्या ताई पन्नाशीपुढच्या असतील तर याच आठवड्यात त्यांची नोंदणी करा.

आता ७० वर्षांवरच्यांना ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळतं. मावशींना गेल्याच महिन्यात सत्तर पूर्ण झाली. सोमवारी त्यांना घेऊन जाणार आहे. आधारवर जन्मसाल बरोबर लागलंय का, ते आधी बघायचंय.