काळवीट, छोटा हत्ती आणि कांद्याच्या गाडीतली फळी

मार्चातल्या एका पहाटे पावणेपाचला फोन वाजला. आमच्या बीटमधला, म्हणजे माझ्याकडं राखायला असलेल्या वनभागातला, ओळखीचा दूधवाला होता. "मॅडम, मार्डीच्या रस्त्याला हरीण पडलंय बघा. काळं हाय, शिंगाचं." आणि मी काही विचारायच्या आधीच गडबडीनं म्हणाला, "म्या काय केलं न्हाई हां."

मी उत्तर सोलापूर तालुक्यात वनरक्षक आहे. माळढोक अभयारण्याचा हा भाग. नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटी ही गावं आणि त्यांच्या मधले गवताचे माळ. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आता माळढोक दिसणं दुर्मिळ झालंय, पण त्याच्या नावानं राखलेल्या गवतावर काळवीट टिकलं. नान्नजच्या माळावर सकाळी उभं राहिलं की तीस-चाळीसचा कळप सहज दिसतो. नर काळेभोर, माद्या आणि पिल्लं वाळल्या गवताच्या रंगाची. ज्वारी निघाली की हे कळप रात्री हरभऱ्यात उतरतात आणि पहाटे माळावर परततात. मधे रस्ता असतो.

त्या रात्री आमचे सगळे लोक दुसऱ्या बाजूला वणव्यावर होते. मार्चात गवत बारूद असतं, एक काडी पुरते. वनपाल साहेबांना फोन केला तर मागे आगीचा आवाज येत होता. म्हणाले, "पंचनामा कर, फोटो घे, जनावर तिथं ठेवू नको. कुत्री येतील. गाडी मिळेल ती घे, दवाखान्यात ने." सरकारी गाडी आणि चालक दोन्ही वणव्यावर. मी मोटरसायकलवर निघाले. वाटेत गावातल्या एका कांदा वाहणाऱ्याला उठवून त्याचा छोटा हत्ती मागितला. त्यानं चावी दिली, डिझेल आहे म्हणून सांगितलं आणि दारातच थांबला. "मॅडम, गाडी न्या. पण मी येत न्हाई. आमचं नाव नको त्यात."

ही भीती मी रोज बघते. १९९८ ची जोधपूरची सलमान खानवरची काळवीट शिकारीची केस आमच्या माळावरच्या शेळ्या राखणाऱ्या पोरालाही माहीत आहे. काळविटाला हात लावला की कोर्टाच्या पायऱ्या, एवढंच लोकांनी त्यातून घेतलं. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे हे खरं. मारणं, मांस खाणं, शिंग घरात ठेवणं, सगळ्याला शिक्षा आहे. अपघातात मेलेलं जनावरही कलम ३९ प्रमाणे सरकारचं. पण फोन करून कळवणाऱ्याला, पंच म्हणून सही करणाऱ्याला कसलाच गुन्हा लागत नाही. हे मी ग्रामसभेत सांगितलंय, शाळेत सांगितलंय, चहाच्या टपरीवर सांगितलंय. १९२६ हा वन खात्याचा नंबर भिंतीवर रंगवलाय. तरी पहाटेच्या अंधारात माणूस मागेच सरतो.

जागेवर पोचले तेव्हा नुकतं फटफटत होतं. दूधवाला थांबला होता, त्याचं मी आजही नाव काढते. शेजारच्या वावरात मेंढरं बसवलेले एक धनगर आजोबा कमरेला पट्टा बांधून काठी टेकत आले होते. डांबरावर ब्रेकचे वळ, हेडलाइटच्या काचा आणि बाजूच्या चारीच्या काठावर नर.

पडलेल्या शिंगाच्या जनावराकडे मी कधीच पायांच्या बाजूनं जात नाही. पाठीच्या बाजूनं जायचं. बेशुद्ध जनावर एकदम झटकलं तर खूर पोटात बसतो आणि शिंग डोळ्यात. एका लांब काडीनं डोळ्याचा कोपरा हळूच टोचला. पापणी हलली नाही. छाती बघितली. मग हातमोजे घालून मानेला हात लावला, अजून गरम होती. डोळ्याखालची ती ग्रंथीची खाच उघडी राहिली होती. माजावर आलेला नर ती फाकवून गवताच्या काड्यांना वास लावत फिरतो. ह्याचाच वास त्या माळावर किती काड्यांना असेल.

पंचनामा लिहिला. ठिकाण, जीपीएस, जखमा, शिंगांची लांबी टेपनं मोजून, काचांचे तुकडे पाकिटात. दूधवाल्यानं आणि आजोबांनी सही केली, आजोबांनी अंगठा. दूधवाल्याला डेअरी गाठायची होती, दूध नासलं असतं, तो गेला. आजोबांना मी मेंढरांकडे परत पाठवलं. एक तर त्यांची कंबर. दुसरं म्हणजे मेलेल्या जनावरावरच्या गोचिड्या आणि रोग मेंढरांपासून लांबच बरे. ते जाता जाता म्हणाले, "पोरी, दमादमानं घे. मेल्यालं जड आसतंय."

आणि मी एकटी राहिले.

पहिल्यांदा मी चूक केली. पूर्ण वाढलेला नर चाळीस किलोच्या आसपास भरतो. माझे अण्णा सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाल होते, कांद्याचं पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेताना मी लहानपणापासून त्यांना बघितलंय. मला वाटलं, पोत्यापेक्षा हलकंच की. दोन्ही हात खाली घालून छातीशी धरलं आणि उठले. पोतं अंगाला धरून राहतं. हे जनावर सगळीकडून सांडायला लागलं. मागचं अंग एका बाजूला, पुढचे पाय दुसऱ्या बाजूला, आणि मान मागे लोंबकळून शिंगं माझ्या नडगीवर आपटली. मी गुडघ्यावर आले. त्याची मान माझ्या हातावर होती. मी त्याला परत खाली ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले. फरफटत नेणं शक्य होतं. शिंग धरून ओढत नेलेलं काळवीट मी एकदा बघितलंय, तोंड डांबरावर घासत जात होतं. ते मला करायचं नव्हतं.

अण्णा म्हणायचे, वजन हातानं उचलणारा हमाल दहा वर्षांत बसतो. आधी जागा बघायची, मग पोतं. मी उठून गाडी बघितली.

छोट्या हत्तीचा हौदा माझ्या कमरेच्या जवळ येतो. पण चारीच्या कडेला मुरमाचा उतार होता. गाडी उलटी घेऊन मागची चाकं त्या उतारात उतरवली तसा हौदा गुडघ्याएवढ्यावर आला. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद केली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या दोन्ही चाकांना मागून दगड लावले. हे दगड लावल्याशिवाय पुढचं काहीही करू नये. उतारावरची गाडी मागे सरकली आणि आपण फाळक्याखाली असलो तर ओरड ऐकायलाही कोणी नसतं.

हौद्यात कांदा भरायची लाकडी फळी होती, एक ताडपत्री आणि नायलॉनची सोल. कांदेवाल्याच्या गाडीत अजून काय असणार, आणि मला तेवढंच हवं होतं.

ताडपत्री अंगाखाली घालायची युक्ती मी सिव्हिलमध्ये शिकले. अण्णांचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सताई त्यांना न उचलता चादर बदलायच्या. चादर लांबीनं अर्धी गुंडाळून पाठीशी सरकवायची, माणसाला त्या गुंडाळीवरून पलीकडे कलवायचं आणि गुंडाळी दुसऱ्या बाजूनं ओढून काढायची. काळविटालाही तसंच केलं. दोनदा कलवलं आणि ते ताडपत्रीच्या मधोमध आलं. पाय पोटाशी घेतले. तासा-दोन तासांत अंग ताठायला लागतं, एकदा ताठलं की पाय दुमडत नाहीत आणि प्रत्येक पाय फाळक्याला अडतो. आता ते मऊ होतं, सुतळीनं सैलसर बांधता आले. शिंगांना माझा स्कार्फ गुंडाळला. पीळदार शिंग ताडपत्रीत, दोरीत, कपड्यात, कशातही अडकतं.

डोकं पुढे ठेवलं. केस मागच्या बाजूला वळलेले असतात, डोक्याकडून ओढलं की अंग गुळगुळीत सरकतं, शेपटीकडून ओढलं की केस उलटे उभे राहतात आणि अडतं. हे मला एका व्हिडिओनं शिकवलं. अमेरिकेतले शिकारी एकट्यानं हरीण पिकअपमध्ये कसं चढवतात, ते मी मागच्या वर्षी रात्री बसून बघितलं होतं. तिथं परवाना असतो, हंगाम असतो, मारलेल्या जनावराची नोंद करून माणूस मांस घरी नेतो. पुढचे पाय शिंगांना बांधायचे म्हणजे ते मागे फाकून अडत नाहीत, हेही त्यांचंच. बघता बघता एक गोष्ट समजली ती अजून मनातून जात नाही. आपलं काळवीट १९३२ साली टेक्सासात नेऊन सोडलं गेलं आणि तिथं आज त्याची शिकार चालते. म्हणजे त्या कुठल्यातरी पिकअपच्या हौद्यात हेच शिंग, हाच पांढऱ्या कड्याचा डोळा. इथं मात्र ते रस्त्यावर मेलं तरी त्याच्या केसालाही कोणी हात लावायचा नाही. मला आपला नियम बरोबर वाटतो. माळावर एवढं थोडं उरल्यावर दुसरा नियम असूच शकत नाही.

आता ओढायचं. सोलीचं एक टोक ताडपत्रीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांसकट छातीमागून बांधलं. गळ्याला फास घातला नाही, ओढताना मान पिळली जाते. दुसरं टोक हौद्यातून पुढे नेऊन केबिनच्या मागच्या लोखंडी पाइपाला एक पूर्ण वेढा दिला आणि परत मागे माझ्याकडे आणलं. हा वेढा अण्णांचा. मार्केट यार्डात जड पेटी फळीवरून चढवताना ते सोल खांबाला एकदा वळवून घ्यायचे. ओढताना वेढा सरकतो, थांबलं की तोच वजन धरून ठेवतो. नुसत्या मुठीनं धरलेलं वजन दम लागला की परत खाली जातं.

फळी फाळक्यावर टेकवली, तिचं खालचं टोक मुरमात रुतवलं. मी फळीच्या बाजूला उभी राहिले, मागे कधीच नाही, सोल सुटली तर सगळं अंगावर येतं. दोरी हातात, एक गुडघा ताडपत्रीच्या मागच्या बाजूला. दोरी अंगाच्या भारानं मागे ओढायची आणि त्याच वेळी गुडघ्यानं वर रेटायचं. वीतभर सरकलं. थांबले. वेढ्यानं धरलं. दोरी पुढे घट्ट करून घेतली. परत वीतभर. पाइपावर दोरी कुरकुरत होती. पाठ सरळ होती, कंबर वाकलेली नव्हती, फक्त मांड्या थरथरत होत्या. अर्ध्या फळीवर आल्यावर ते डावीकडे कलायला लागलं, मी खांदा लावला. ताडपत्रीतून त्याच्या अंगाची ऊब खांद्याला लागली. तिथं माझ्या डोळ्यात पाणी आलं, पण हात सोडायची सोय नव्हती.

छाती फाळक्याच्या पलीकडे गेली आणि मग वजन आपोआप हौद्यात झुकलं. राहिलेलं अंग सहज सरकलं. मी दोरी पाइपाला बांधून टाकली आणि रस्त्यावर बसले. घड्याळात बघितलं तर पंचवीस मिनिटं झाली होती. तोवर तीन कुत्री वावराच्या बांधावर येऊन बसली होती.

माळावर उजाडलं होतं. लांब कळप उभा होता, माद्या ह्याच बाजूला बघत होत्या. त्या कशाला बघत होत्या ते मी सांगू शकत नाही. मी स्कार्फ नीट करून त्याच्या तोंडावर ताडपत्री ओढली, फाळका लावला आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येच हळू नेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. बरगड्या आत मोडल्या होत्या, मृत्यू लगेच आला असावा असं म्हणाले. दुपारी वणव्यावरचे लोक काजळलेल्या चेहऱ्यांनी आले. मग पंचांसमोर सगळं जाळलं, शिंगांसकट. शिंगं शेवटपर्यंत बघत उभं राहावं लागतं, पूर्ण जळेपर्यंत, म्हणजे कोणाच्या भिंतीवर जायला ती उरत नाहीत. काळविटाची शिंगं सांबर-चितळासारखी दरवर्षी गळत नाहीत. जन्मभर एकच जोडी, वर्षावर्षाला पीळ चढत जातो. मी पीळ मोजले होते, पंचनाम्यात लिहिलेत.

हौदा साबणानं दोनदा धुतला, फळी उन्हात ठेवली, सोल जाळात टाकून नवी घेऊन दिली. कांदेवाला गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग हळूच विचारलं, "पंच म्हणून सही केली की खरंच काय होत न्हाई?" मी त्याला दूधवाल्याची सही दाखवली. त्यानं ती बराच वेळ बघितली.

रात्री घरी अण्णांना सगळं सांगितलं. ते आता कॉटवरच असतात. नडगीवरचा काळा डाग बघून त्यांनी हळद मागवली. मग एकेक विचारत गेले. दगड कुठं लावले, फळी किती रुंद होती, वेढे किती दिले.

"एक."

"दोन द्यायचे. ओली सोल एका वेढ्यावर सरकते." मग जरा थांबून, "कोण होतं संगं?"

"कोणी नाही."

त्यांनी माझे हात ओढून दिव्याखाली घेतले, तळव्यावरचे दोरीचे वळ बघितले आणि आईला खोबरेल आणायला सांगितलं.