डेव्हनवरची मेथी आणि गाझा

आज शिकागोतल्या भारतीय दुकानांच्या डेव्हन अव्हेन्यूवर मेथीच्या जुड्या चाळताना दुकानातल्या काकांशी वाजलं. ३१ जानेवारी २०२४ ला शिकागोच्या नगरपरिषदेत गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावावर २३-२३ अशी मतं पडली, मग महापौर ब्रँडन जॉन्सन यांच्या मतानं तो मंजूर झाला. काका अजून त्यावर चिडलेत. "आधी खड्डे बुजवा म्हणावं! तो नेतान्याहू काय यांचं ऐकणारे?"

मीही मान डोलावली. मग आठवलं, २०२१ मध्ये याच नगरपरिषदेत सीएएवरून (नागरिकत्व सुधारणा कायद्यावरून) भारतावर टीका करणारा ठराव आला होता, बराच मवाळ करूनही १८ विरुद्ध २६ मतांनी पडला. तो पडावा म्हणून नगरसेवकाला फोन करणाऱ्यांत आम्ही दोघंही होतो. तेव्हा खड्डे कुठं आठवले होते?

हे बोलून दाखवलं, तर काका गप्प. मेथी मात्र जुनाटच दिली.