डॅन्यूब आटते तेव्हा: क्रूझ नदीची घ्यावी की समुद्राची?

नूर्नबर्ग ते बुडापेस्ट, सात रात्री, सप्टेंबर. पैसे बोटीचे भरले आणि त्यातले दोन दिवस बसमध्ये गेले. रेगेन्सबुर्गला बोट थांबली ती थांबलीच. सामान बांधा, बसने पासाऊ गाठा, तिथे त्याच कंपनीची दुसरी बोट, तशीच केबिन. परतावा शून्य, कारण पाण्याच्या पातळीमुळे मार्ग बदलण्याचा हक्क कंपनीने अटींत आधीच राखून ठेवलेला असतो. बुकिंगच्या वेळी मात्र ‘युरोपातल्या नद्या बारमाही’ एवढंच कानावर पडतं. रोज पेपरात जायकवाडीची टक्केवारी बघणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाने या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

घोडं अडतं ते नेमकं जर्मनीतल्या बव्हेरियात, श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या साधारण ७० किलोमीटरमध्ये. याच्या वर आणि खाली नदीवर बंधारे आणि लॉक (बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाजांचे हौद) आहेत, त्यामुळे पाणी अडवून पातळी राखता येते. या पट्ट्यात बंधारा नाही. पाऊस ओढ देतो, पात्र उथळ होतं आणि बोटीचा तळ टेकायची वेळ येते. उलट पूर आला की बोट पुलाखालून जात नाही आणि वाहतूकच बंद होते. पासाऊत जून २०१३ मध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं.

निघण्याआधी दोन आठवडे रोज एक आकडा बघायचा: याच पट्ट्यातल्या प्फेलिंग इथल्या पाणीमापकाचा. जर्मन सरकारच्या पेगेलऑनलाइन या संकेतस्थळावर तो फुकट दिसतो. २९० सेंटीमीटरच्या खाली गेला की बसची तयारी ठेवा. हा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. पट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो. ऱ्हाइनवर काउब इथे ऑक्टोबर २०१८ मध्ये पट्टीवर अवघे २५ सेंटीमीटर होते, तरी जहाजांच्या वाटेत त्याहून मीटरभर जास्त पाणी होतं. म्हणजे आकडा छोटा दिसला म्हणून घाबरायचं नाही, तो २९० च्या किती जवळ आहे आणि रोज चढतोय की उतरतोय ते बघायचं.

यावर उपाय सरळ आहे. पासाऊ–व्हिएन्ना–बुडापेस्ट–पासाऊ असा जाऊन-येऊन मार्ग घ्या. पासाऊ हे फिल्सहोफेनच्या खाली आहे, त्यामुळे तो अडचणीचा पट्टा लागतच नाही. खालीही ऑस्ट्रियातल्या वाखाऊसारखे बंधाऱ्याविना भाग आहेत आणि हंगेरीतही पाणी उतरतं, पण जोखीम बरीच कमी. महिना मे किंवा जून. ऑगस्ट ते ऑक्टोबर स्वस्त मिळालं तरी नूर्नबर्गहून निघणारी सहल घेऊ नका. माझ्या मते ती फुकट मिळाली तरी विचार करावा.

केबिन निवडताना सर्वांत खालचा मजला टाळा. तिथली खिडकी पाण्यालगत असते आणि उघडत नाही. नूर्नबर्गहून डॅन्यूबला जोडणाऱ्या कालव्यातले लॉक १२ मीटर रुंद, बोट ११.४ मीटर, दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटीमीटर. रात्री भिंतीला घासल्याचे दणके बसतात. याच कालव्यातले मोठे लॉक तर जवळपास २५ मीटर उंचीचे. शेपटाकडच्या केबिनमध्ये इंजिनाची थरथर झोपू देत नाही. बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे देऊ नका: धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून लावतात, पडदा उघडला की समोर दुसऱ्याची केबिन. शेजारच्या बोटीतून पायऱ्या चढून-उतरून काठावर जावं लागतं, लिफ्ट बहुधा वरच्या डेकपर्यंत जात नाही आणि बहुतेक नदीबोटींवर डॉक्टर नसतो. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर हे आधी विचारा.

समुद्राच्या जहाजावर डॉक्टर असतो, लिफ्ट असतात, हजारो माणसं असतात. शाकाहारी जेवणाची फारशी अडचण येत नाही. नदीबोटीचा मुदपाकखाना छोटा, तिथे शाकाहाराचं बुकिंगवेळीच लेखी घ्यावं लागतं. पण समुद्राच्या जहाजाचं जाहिरातीतलं भाडं खरं नसतं. टिप म्हणून माणशी रोज १६ ते २० डॉलर खात्याला लागतात: दोघांचे सात रात्रींचे किमान २२४ डॉलर. वाय-फाय, पेयं, सहली वेगळ्या. ‘रोम’ लिहिलेलं असतं ते बंदर चिविटावेक्या, रोमपासून ७० किलोमीटरवर. सांतोरिनीला छोट्या होडीने उतरवतात. वारा सुटला की ते बंदर रद्द. मार्गात तुर्कस्तान असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) मल्टिपल एंट्रीच हवा, आणि तुर्कस्तानचा वेगळा लागतो का ते आधी विचारा.

डोलणं सोसतं का, हे लाखो रुपये भरण्याआधी मुंबईहून दोन-तीन रात्रींच्या गोवा फेरीत तपासा. देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलं की जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, दोन किलोमीटरही नाही. पावसाळ्यात नको. केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्या, तिथे डोलणं सर्वांत कमी. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी तासभर. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. विजेची किटली आणि इस्त्री जहाजावर काढून घेतात.

दोघांनाच जायचं असेल आणि गावं बघायची असतील तर नदी, वर सांगितलेल्या मार्गाने. मुलांसकट दहा-बारा जणांचं कुटुंब असेल तर समुद्र. नदीबोटीवर मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळतात.

तूप, खवा, पेढे युरोपात नेऊ नका, विमानतळावर टाकून द्यावे लागतात. कारळाची, शेंगदाण्याची चटणी चालते. व्हिएन्नात बोट राइशब्र्युके पुलापाशी लागते. तिथून फोरगार्टनश्ट्रासे स्थानकावर यू-१ मेट्रो धरा, चौथं स्थानक श्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे शहराचा मधोमध. बोटीवरून विकतात ती व्हिएन्नाची जादा सहल घेऊ नका.