भरती, भावकी आणि जत्रा

आमच्या कारखान्यात माणूस हवा असला तरी नोटीस लागत नसे. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी आजही लागत नाही. सीएनसी मशीनवरचा एखादा पोरगा जास्त पगारावर चाकणला गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा चुलतभाऊ, नाहीतर कुणाचा तरी मेहुणा गेटवर हजर. घेऊन येणारा सांगायचा, "मॅडम, आपलाच माणूस आहे." झाली भरती. मी आधारची झेरॉक्स, पासबुक आणि दोन फोटो घ्यायचे, पीएफ-ईएसआयचे फॉर्म भरायचे. दारावरच्या पाटीवर एचआर लिहिलेलं असलं, तरी माणूस निवडणं माझ्या टेबलापर्यंत येतच नव्हतं.

हे सांगायचं कारण म्हणजे उद्योजकांच्या कार्यक्रमात हल्ली डायव्हर्सिटीवर एक तरी भाषण असतंच. कारखान्यात सगळ्या थरांतली माणसं हवीत, बायका हव्यात, दिव्यांग हवेत. मागच्या रांगेत बसून मी ही भाषणं ऐकते. भाषणं वाईट नसतात. पण जागा रिकामी झाल्याची बातमी कुणाच्या कानावर जाते, याबद्दल अजून एकाही वक्त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकलेलं नाही. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

एके दिवशी मशीन शॉपचा हजेरीपट पुढ्यात घेतला आणि नुसती आडनावं वाचत गेले. चार आडनावं पुन्हा पुन्हा येत होती. पत्ते बघितले तर गावं दोन. त्याच गावांतल्या दलित वस्तीतलं एकही नाव नाही. मिरज हाकेच्या अंतरावर, पण अख्ख्या शॉपमध्ये मुसलमान पोरगा एकही नाही. होता तो डिस्पॅचच्या टेम्पोवर. बायका पॅकिंगला आणि झाडलोटीला. "यांना घ्यायचं नाही" असं कुणी कधी म्हटलं होतं का? शपथेवर सांगते, नाही. विचारलं की उत्तर एकच, "कुणी आलंच नाही." ते खरंही होतं. ज्यांना कुणी सांगितलंच नाही, ते येणार कुठून?

हा हजेरीपट मी मालकांना सामाजिक न्याय म्हणून दाखवला असता, तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं. माणूस सज्जन आहे, पण सकाळी नऊ वाजता त्यांच्या डोक्यात फक्त डिस्पॅच असतो. माझ्या मदतीला धावून आली ती जत्रा.

चैत्रात त्या दोनांपैकी एका गावची जत्रा असते. पालखी, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. त्या वर्षी जत्रा आणि महिनाअखेर एकत्र आली आणि मशीन शॉपची अर्धी पाळी गावाला गेली. रजेचा अर्ज कुणाचा नाही, कारण सुपरवायझरही त्याच गावचा आणि तोही पालखीत. पुण्याच्या ग्राहकाची गाडी गेटवर उभी. त्यांची असेंब्ली लाइन आमच्या मालासाठी थांबली की मिनिटांच्या हिशेबाने डेबिट नोट, म्हणजे दंडाची वजावट येते, आणि ती आली. मालकांनी मला बोलावून विचारलं, "हे सगळे एकदम कसे काय गेले?" मी हजेरीपट समोर ठेवला. बराच वेळ ते वाचत बसले. मग म्हणाले, "हा कारखाना आहे का भावकी?"

तिथून गोष्ट सुरू झाली. आता जागा निघाली की कागद गेटवर लागतो, सांगली-मिरजेच्या आयटीआयकडे जातो, आणि दोन दिवस तो कुणी काढायचा नाही. येईल त्याला नंबर मिळतो. नाव, गाव, आडनाव माझ्या रजिस्टरमध्ये राहतं. टेबलावर जातो फक्त नंबर. ड्रॉइंग वाचायचं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने जॉब, म्हणजे मशीनवरून निघालेला भाग, मोजायचा, मापं कागदावर लिहायची. तपासणारा क्वालिटीचा माणूस त्यावेळी खोलीत नसतो. एवढंच. पहिल्याच खेपेला सगळ्यात बिनचूक मापं आली ती मिरजेच्या एका मुलीची. आयटीआय करून ती मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकत होती.

याला सगळ्यात मोठा विरोध आबांचा. आबा आमचे जुने सुपरवायझर, तीसेक वर्षं याच शेडमध्ये. ते म्हणाले, "अवो मॅडम, वळखीचा नसलेला पोरगा उद्या टूल घिऊन पळाला तर धरायचं कुणाला? आज म्या आणलेला पोरगा चुकला तर त्याच्या बापाला फोन लावतो." हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ओळखीने आलेल्या पोराला जामीन असतो. त्याला काम शिकवणारा घरचा असतो, दांडी मारली तर घरी कळतं, पहिल्या महिन्यात पैसे संपले तर उसने मिळतात. मोठ्या कंपन्या ज्यासाठी ट्रेनिंग सेंटर आणि समुपदेशक ठेवतात, ते काम भावकी फुकटात करते. भाषणं देणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यायला हवं. ओळख काढून घेतली, तर तिच्या जागी काय देणार?

आबांचे साडू गलाईच्या धंद्यात आहेत, तमिळनाडूत. आमच्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेली आहेत. परक्या मुलखात, परक्या भाषेत, लोकांचं सोनं हातात घेऊन बसतात. मी आबांना विचारलं, "साडूंना तिकडे खोली कुणी दिली?"

"गावच्याच माणसानं. वळखीनं."

"आणि त्या माणसाला?"

"त्याच्या आधी गेला हुता त्यानं."

"आणि सगळ्यात पहिल्याला?"

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग हसून म्हणाले, "त्यो देवळात झोपला आसंल." त्यानंतर परीक्षेला विरोध केला नाही, पण नवीन पोरांच्या पहिल्या आठवड्यात टूल स्वतः मोजून घ्यायला लागले. माझी हरकत नव्हती.

ज्याची कुणाशी ओळख नाही, त्याचा जामीन कारखान्याचा मालकच होऊ शकतो. बिहारहून आलेल्या दोन पोरांनी परीक्षा दिली, पास झाली, आणि कुपवाडमध्ये खोली मिळेना म्हणून परत निघाली होती. मिरजेच्या त्या मुलीलाही तिचं आडनाव ऐकून दोन ठिकाणी "खोली आत्ताच गेली" असं उत्तर मिळालं. मी मालकांकडून कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घेतल्या: हे आमचे कामगार आहेत, भाड्याची जबाबदारी आमची. खाली सही, शिक्का, मालकांचा स्वतःचा मोबाइल नंबर. मालकांची सही करताना जरा कुरकुर झाली, "भाडं बुडवलं तर?" पण केली. खोल्या मिळाल्या. २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ ट्रान्सजेंडर कर्मचारी घेतले तेव्हा देशभर कौतुक झालं, आणि त्यातल्या काहींनी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कुणी राहायला जागा देईना. नोकरीचा कागद हातात असून रात्री पाठ टेकायला जागा नसेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी पाळीवर कसा येणार?

आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. बेळगावहून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. निवडुंगाचं रान होतं तिथे. त्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा त्यांचा नियम होता, आणि तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहारेकरी नेमलं होतं. आबांचं "धरायचं कुणाला" त्यांनाही कुणीतरी विचारलंच असणार. पुढे १९३९ मध्ये त्याच औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेली कैद्यांची वसाहत काढली. आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं, तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. पंगतीचं महत्त्व मला आमच्या कँटीनमध्ये कळतं. बिहारची पोरं सुरुवातीला डबे घेऊन कंप्रेसरच्या मागे बसायची. कुणी हाकललं नव्हतं, पण बोलावलंही नव्हतं. मग मालक आठवड्यातून एकदा कँटीनमध्ये जेवायला येऊ लागले आणि मुद्दाम त्यांच्या बाकावर बसू लागले. कारखान्यात सगळ्यांची नजर मालक कुठे बसतात यावरच असते.

बायकांचं प्रकरण याहून अवघड, कारण तिथे नुसत्या मनाने भागत नाही, घड्याळ आणि गाडी लागते. १९४८ च्या मूळ कारखाना कायद्यात बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढीच मुभा होती. म्हणजे दुसरी पाळी आपोआप पुरुषांची, आणि दुसऱ्या पाळीचा भत्ताही. त्याच कायद्यात तीसहून जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. त्यावर एका कारखानदारांनी मला हसत हसत सांगितलं होतं, "मॅडम, तिसाच्या आत ठेवायच्या." महिलांसाठी केलेला कायदा त्यांनी असा वाचला. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात बायकांना संमतीने आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्रीही काम करता येतं. संमती घ्यायला मला पाच मिनिटं लागतील. पण रात्री साडेअकराला कुपवाडहून कवठेमहांकाळच्या बाजूला जाणारी गाडी कुठली? त्या गाडीचं डिझेल ज्या दिवशी मालक मंजूर करतील, त्या दिवशी आमच्याकडे दुसऱ्या पाळीत बायका असतील. कोटेशन त्यांच्या टेबलावर आहे. स्वच्छतागृहाचं मात्र झालं. आधी मशीन शॉपमधल्या मुलीला ऑफिसपर्यंत चालत यावं लागायचं आणि सुपरवायझर वेळ मोजायचा.

एक गोष्ट मात्र आश्चर्य वाटावं इतकी सोपी गेली. ऐकू न येणारा एक मुलगा परीक्षा पास होऊन आला, तेव्हा सगळे विचारत होते, याच्याशी बोलायचं कसं? पण फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करण्याच्या, आवाजात कानात बोळे घालून आमची माणसं वर्षानुवर्षं हातवाऱ्यांनीच बोलतात. त्या भाषेत तो सगळ्यांचा गुरू निघाला. फक्त भोंग्याच्या जोडीला लाल दिवा बसवावा लागला. तो दिवा आता बाकीच्यांनाही भोंग्याआधी दिसतो.

मधल्या काळात मालकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी पाठवली. अमेरिकेत २०१७ मध्ये दीडशेहून अधिक कंपनीप्रमुखांनी डायव्हर्सिटीची जाहीर प्रतिज्ञा घेतली होती. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी खात्यांतले असे कार्यक्रम बंद केले, आणि मेटा-वॉलमार्टसारख्या कंपन्यांनीही हात आखडता घेतला. खाली मालकांची ओळ: "तिकडे संपलं म्हणे?" मी लिहिलं, "साहेब, आपली जत्रा चैत्रात आहे." त्यांनी अंगठा पाठवला. आणि प्रश्न जत्रेपुरताही नाही. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून महिला किती, दिव्यांग किती हे बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमानुसार कळवावं लागतं, त्यामुळे पुण्याच्या ग्राहकाच्या प्रश्नावलीत आता तेच रकाने आमच्यापर्यंत येतात. पूर्वी मी तिथे शून्य लिहून पुढे जात असे.

राहिलं ऑफिस. शॉपमध्ये नंबर लावून परीक्षा होते. परचेस, अकाउंट्स आणि स्टोअरमध्ये अजून फोनवरच माणूस येतो. तिथली आडनावं वाचली तर मशीन शॉप परवडलं म्हणायची वेळ येईल. परचेसची एक जागा या महिन्यात रिकामी झाली आणि मी नेहमीप्रमाणे गेटवर कागद लावला. अर्जांत मालकांच्या पुतण्याचाही अर्ज आला आहे. मी त्याला १४ नंबर दिला आणि सोमवारी दहाला परीक्षेला बोलावलंय. मालकांना तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "बघू" म्हणाले. कागद अजून गेटवर आहे.